अंभोरेसाहेबांचं न मारलेलं प्यादं

बुद्धिबळाच्या पटावर समोरासमोर बसलं की माणसं आधी हात मिळवतात. अंभोरेसाहेब आधी मोहरे तपासायचे. एकेक मोहरा उचलायचा, उलटा करायचा, तळाला चिकटवलेलं हिरवं कापड नखानं दाबून बघायचं. राजा आणि वजीर दोन हातांत घेऊन तोलायचे. मग घड्याळ कानाला लावायचं. पुढे आकड्यांची घड्याळं आली, त्यांच्यात ऐकण्यासारखं काही उरलं नाही, तरी साहेब ती कानाला लावतच राहिले. एवढं सगळं झालं की मग हात पुढे यायचा, आणि तेव्हाही नजर समोरच्याच्या दुसऱ्या हाताकडे असायची.

आमची पहिली भेट मेहकरच्या एका शाळेतल्या स्पर्धेत झाली. मी तेव्हा गावात औषधांचं दुकान नुकतंच टाकलं होतं आणि बुद्धिबळात आपण कुणीतरी आहोत असा माझा समज होता. समोरच्या काळ्यासावळ्या, सडपातळ गृहस्थांची ती तपासणी बघून मला हसू आलं. मी विचारलं, "काय शोधून राह्यले साहेब?"

"काई नाही. पाह्यतो. हे मोहरे तुमचे का आयोजकाचे?"

"आयोजकांचे."

"मंग अजून पाहा लागते."

त्या डावात माझ्या बोटाचा चुकून उंटाला धक्का लागला. मी लगेच म्हणालो, "चुकून लागला बरं का, मी सरळ करत होतो." साहेबांनी मान वर केली आणि मला असं न्याहाळलं की मी खरंच काहीतरी लपवलंय असं मलाच वाटू लागलं. म्हणाले, "मी विचारलं काय तुमाले? न विचारता जो खुलासा करते ना, त्याच्याच खिशात माल सापडते." तो डाव मी हरलो, आणि हरण्याहून ते वाक्यच मला जास्त लागलं.

साहेब मोजणीखात्यात होते. साखळी टाकून शेतं मोजायची, हद्दी ठरवायच्या, बांधाचे दगड रोवायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आमच्याकडे भाऊ भावाला एकवेळ मोटारसायकल देईल, पण बांधाची वीतभर माती देणार नाही. त्यामुळे मोजणीदार गावात आला की त्याच्या मागेपुढे माणसं नाचतात. कुणी चहा आणतो, कुणी कोंबडीचं विचारतो, कुणी नुसतंच "साहेब आपलेच आहेत" म्हणून हसतो. एवढं गोड हसणाऱ्यांत आयुष्य काढल्यावर माणूस संशयी होणार नाही तर काय होणार? साहेब स्वतःचा थर्मास आणि स्वतःची पाण्याची कॅन घेऊन फिरायचे. म्हणायचे, "चहा पेला का बांध सरकते. आपल्याले दिसत नाही, पण सरकते."

हा संशय बांधावरच थांबला असता तर ठीक होतं. भाजीवालीचा काटा, डॉक्टरांचं ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र, बस सुटायच्या वेळांची पाटी, यांपैकी कशावरही त्यांचा विश्वास नव्हता. विमलबाई, त्यांच्या पत्नी, मोठ्या हसऱ्या. एकदा मला म्हणाल्या, "मले पाहाले आले होते ना, तं आधी आमच्या घराची भिंत सरळ हाय का नाही ते पाहून राह्यले होते. मी पोह्याची बशी घेऊन उभी." साहेब तिथेच बसले होते. शांतपणे म्हणाले, "वाकडीच होती भिंत. तरी हो म्हटलं." एवढंच त्यांचं प्रेमाचं बोलणं मी ऐकलेलं आहे.

स्पर्धांमध्ये तर त्यांच्यातला अंमलदार जागा व्हायचा. मोबाईल आल्यापासून त्यांनी एक नवीनच पहारा सुरू केला होता. खेळाडू डाव सोडून बाहेर गेला की साहेब पंचाला खुणावायचे. "लघवीले एकदा गेला तं माणूस हाय. दोनदा गेला तं त्याचा घोडा हुशार होऊन येते." लोक हसायचे, पण पंच मुकाट्यानं मागे जायचे. ठरवून बरोबरी करणाऱ्यांवर तर त्यांचा फारच राग. दोन तगडे खेळाडू शेवटच्या फेरीत पाच-दहा चाली करून हात मिळवून मोकळे झाले, की साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "दोघायनं मिळून केली तं तिले चोरी नाही म्हणत आजकाल. बरोबरी म्हणतात."

अशा माणसाशी माझी मैत्री कशी झाली, मला सांगता येणार नाही. मैत्री हा शब्दही त्यांनी खपवून घेतला नसता. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या ओट्यावर आम्ही खेळायला बसायचो. माझ्या घरी ते येत नसत आणि मला त्यांनी आपल्या घरी कधी खेळायला बोलावलं नाही. ओटा कुणाचाच नव्हता म्हणून तो चालत होता. खेळताना बोलणं फार कमी. मी चांगली चाल केली तर ते "हं" म्हणायचे आणि वाईट केली तर "पाहा बुवा" म्हणायचे. आठवडाभर दुकानात खोकल्याच्या बाटल्या विकून मी ज्या एका गोष्टीची वाट बघायचो ती म्हणजे ते "हं".

आमची शेती हिवरा आश्रमाच्या रस्त्याला. शेजारी प्रल्हादराव काळे यांचं वावर. दोन्ही घरांत मधल्या बांधावरून माझ्या आजोबांपासून कुरबूर होती, आणि माझ्या वडिलांनी एकदाची मोजणी मागवली. मोजायला आले अंभोरेसाहेब. मी बांधावर उभा होतो. त्यांनी मला ओळखच दाखवली नाही, नाव विचारून घेतलं, वडिलांचं नाव विचारून घेतलं. ऊन कडक पडलं होतं. माझ्या आईनं ताकाचा तांब्या पाठवला, तर साहेबांनी माझ्या आईलाच बोलावून विचारलं, "काकू, तिकडं काळ्यायकडंबी पाठोलं काय ताक?"

आई म्हणाली, "त्यायच्याकडं काऊन पाठवीन मी?"

"मंग वापस न्या. एका बाजूनं ताक आलं अन् दुसऱ्या बाजूनं नाही, तं साखळी ताकाकडं झुकते."

आई रागावून गेली ती साहेब मरेपर्यंत त्यांच्यावर रागावलेलीच राहिली. मोजणीत वादाची पट्टी आमच्या बाजूनं निघाली. प्रल्हादरावांनी दगड रोवताना पाहिलं, धोतर झटकलं आणि घरी गेले. साहेब त्यानंतर कित्येक रविवार ओट्यावर फिरकले नाहीत. काळ्यांना वर दाद मागायची मुदत होती ती सरली, आणि त्याच्या पुढच्या रविवारी साहेब पट काखेत मारून हजर झाले. कुठे होतात, हे मी विचारलं नाही.

ज्या डावात ते प्यादं मारायचं राहिलं, त्या डावाची गोष्ट सांगण्याआधी आणखी एक सांगायला हवं. साहेब मूळचे साखरखेर्ड्याचे. बुद्धिबळ ते तिथेच शिकले, पण ते देशी पद्धतीचं. त्या खेळाचे नियम थोडे वेगळे. बुलडाण्याला वसतिगृहात शिकायला गेल्यावर त्यांनी स्पर्धेचे नियम शिकून घेतले आणि देशी खेळ जो सोडला तो सोडलाच. नुसता सोडला नाही, त्याची टिंगल करायचे. "गोठ्यातला खेळ" म्हणायचे. कुणी म्हातारा माणूस स्पर्धेत येऊन जुन्या नियमानं चाल करायला गेला की साहेबांच्या ओठाचा कोपरा खाली जायचा. मला तेव्हा ते थोडं खटकायचं. जिथून शिकलो त्या जागेला एवढं हिणवायचं कशाला, असं वाटायचं.

तर चिखलीला जिल्ह्याची निवड स्पर्धा होती. साहेब निवृत्त झाले होते आणि अफाट खेळत होते. शेवटच्या फेरीत पहिल्या टेबलावर आम्हा दोघांचीच गाठ पडली. त्यांची राज्य स्पर्धेसाठी निवड आधीच पक्की झाली होती. मला अर्धा गुण हवा होता. म्हणजे बरोबरी झाली तर मी आत, हरलो तर बाहेर. माझं वय वाढत चाललं होतं, पुन्हा एवढ्या जवळ येईन याची खात्री नव्हती. आम्ही दर रविवारी एकत्र बसतो हे सभागृहात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे आमच्याकडे बघून आधीच हसत होते. साहेबांनी पंचाला हाक मारली. "ओ, तुम्ही आमच्याच टेबलाजवळ उभे राहा. शेवटपावतर."

त्यांनी मला जरासुद्धा सोडलं नाही. माझा घोडा घेतला, राजा कोपऱ्याकडे रेटला, एकेक प्यादं टिपलं. घाम पुसत मी खेळत राहिलो. शेवटी पटावर राहिलं ते एवढंच: त्यांचा राजा आणि एक हत्ती, माझा राजा आणि एक प्यादं. त्यांचा राजा लांब होता, पण हत्ती सरळ रेषेत माझ्या प्याद्यासमोर. प्याद्याला कुणाचा आधार नाही. ते मारायचं आणि मग नुसत्या हत्तीनं मात करायची, हे नुकतीच शिकायला लागलेली पोरंही करतात. फक्त त्यांच्या घड्याळातला वेळ संपत आला होता. मी घड्याळ थांबवून हार मानायला हात उचललाच होता.

साहेबांनी हत्ती उचलला. तो प्याद्यापर्यंत आला, हवेत थांबला, आणि एक घर अलीकडे टेकला. माझ्या राजाला शह बसला. प्यादं जिवंत.

मला काही कळेना. राजाला शहातून पळायचं होतं, तो पळून थेट प्याद्याच्या शेजारी गेला आणि वर त्यांच्या हत्तीलाच भिडला. हत्तीला हटावं लागलं. आता प्याद्याला आधार आला होता. ते पुढे सरकलं, आणखी सरकलं, आणि वजीर होणार म्हणताना साहेबांना त्याच्यापायी हत्ती द्यावा लागला. पटावर दोन राजे राहिले. पंच म्हणाले, "बरोबरी." साहेबांनी घड्याळ बंद केलं. त्यांचा चेहरा मी तोवर कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. त्यांनी हात मिळवला नाही, तसेच उठून गेले.

गर्दीतल्या कुणीतरी शेवटच्या चाली मोबाईलवर घेतल्या होत्या. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ जिल्हाभर फिरला. हत्ती उचलतो, प्याद्यावर येतो, थांबतो, मागे टेकतो. खाली लिहिलं होतं, "दोस्ती असावी तर अशी." आणि साहेबांनी आयुष्यभर ज्यांना ज्यांना चोर ठरवलं होतं त्या सगळ्यांची दिवाळी झाली. पंचाला टेबलाजवळ उभं केलं होतं ना, तेही आता त्यांच्याच अंगावर आलं. माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक गोळ्या घेता घेता म्हणालं, "चोरानंच पोलिसाले बोलावलं म्हणा की." मी त्याला गोळ्या दिल्या आणि पुन्हा येऊ नको म्हणालो.

राज्य स्पर्धेला जावं की नाही याचा मला घोर पडला. रविवारी साहेब नेहमीसारखे ओट्यावर आले. मी विचारलं, तर म्हणाले, "गेले तं बेशरम, नाही गेले तं चोर. जा." मग मी धीर करून म्हणालो, "साहेब, ते प्यादं..."

"खेळा," साहेब म्हणाले.

खरं सांगायचं तर मलाही त्यांचा संशय येऊ लागला होता. पैशांचा किंवा लबाडीचा नव्हे. मला वाटलं, माझी कीव आली त्यांना. या औषधवाल्याची शेवटची संधी आहे, देऊन टाकू अर्धा गुण. हा विचार मला लोकांच्या बोलण्याहून जास्त जाळायला लागला. त्यांच्याकडून हरलेले सगळे डाव मला चालले होते, पण हा दान मिळालेला अर्धा गुण घशाखाली उतरत नव्हता. राज्य स्पर्धेला गेलो, वाईट खेळलो, परत आलो.

इकडे गावात काळ्यांच्या मुलांनी दोन आणि दोन चार केले. अंभोरे आणि शेळके, म्हणजे मी, दर रविवारी बसतात. अंभोऱ्यानं शेळक्याला डाव सोडला. मग बांध कसा सुटला असेल? "जो पटावर हात ढिला सोडते, तो साखळी ढिली सोडत नसन काय?" असं थोरला मुलगा चावडीवर बोलला आणि त्यानं नव्यानं मोजणीचा अर्ज दिला. तो अर्ज आमच्या बांधासाठी होता, पण घाव साहेबांवर होता. त्यांनी मोजलेली आणखी कितीतरी गावं होती. तिथेही कुजबूज सुरू झाली की आपलीही हद्द पुन्हा बघायला हवी. निवृत्त माणसाकडे दुसरं काय असतं? रोवलेले दगड जागेवर आहेत एवढीच त्यांची मिळकत होती, आणि ते दगडच हलायला लागले.

त्याच सुमारास मी एका नातेवाइकाकडे साखरखेर्ड्याला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. कडुनिंबाखाली गोणपाटावर कोळशानं पट आखून चार म्हातारे खेळत बसले होते. मी सवयीनं थांबलो. एका आजोबांचे वजीर, हत्ती सगळं शाबूत आणि समोरच्याकडे राजा आणि एकच प्यादं. आजोबांचा वजीर ते प्यादं सहज मारू शकत होता, पण ते त्याला सोडून राजाच्याच मागे लागले होते. बघ्याला कुठे धीर असतो? मी म्हणालो, "आजोबा, मारा की ते प्यादं."

सगळ्यांनी माझ्याकडे मान वळवली. आजोबा म्हणाले, "मारलं तं बुर्जी होते ना बाप्पा."

"म्हंजे?"

"समोरच्याचा राजा एकटा पडला का डाव बरोबरीत जाते. नागड्या राजाले कोणी मारत नसते. त्याचं शेवटचं प्यादं आपणच जपा लागते, अन् त्याच्या देखत राजाले मात करा लागते. तुम्ही नवीन पद्धतीवाले दिसता."

मी तिथेच खाली बसलो. पुढे कुणीतरी अंभोऱ्यांच्या मोजणीवाल्या पोराचं नावही काढलं, तो इथेच बसून शिकला, फार हुशार होता म्हणाले. मी ऐकत नव्हतो. मला तो हवेत थांबलेला हात दिसत होता. वेळ संपत आलेला, डोकं मागे पडलेलं, आणि हातानं लहानपणी शिकलेलं तेवढं केलं होतं. माझी कीव केली नव्हती त्यांनी. मला एवढा आनंद झाला की मी त्या आजोबांना चहा पाजला.

मेहकरला उतरलो तो तडक साहेबांच्या घरी गेलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी एका दमात सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मले घड्याळ बंद करतानाच समजलं होतं."

"मंग सांगत काऊन नाही लोकायले? सारं गाव तुमाले..."

"काय सांगू? जलमभर ज्या खेळाले गोठ्यातला म्हटलं, तो माह्या हातात बसेल हाय, हे सांगू? अन् सांगितलं तं कोण आयकते? मी असतो तं मी आयकलं असतं काय? म्हटलं असतं, पाहा, नवीन गोष्ट बनून आणली."

हे खरं होतं. दुसऱ्या कुणी हीच हकिगत सांगितली असती तर सगळ्यात आधी साहेबच हसले असते. मी मात्र गप्प बसलो नाही. दुकानात येईल त्याला बुर्जीची गोष्ट सांगत सुटलो. दोन दिवसांत ती काळ्यांच्या मुलांपर्यंत गेली आणि परत आली ती अशी: "आता वकीलबी उभा केला, अन् तो कोण, तं ज्याले अर्धा गुण भेटला तोच." साहेबांना हे कळलं तेव्हा ते माझ्यावर एवढे चिडले, की एक रविवार आलेच नाहीत.

मोजणीला एक तरुण मुलगी आली, खात्यात नवीनच लागलेली. साखळी नाही, नकाशा काढायचा फलक नाही, काठीवर बसवलेलं यंत्र आणि ते थेट उपग्रहाशी बोलणारं. आम्ही एका बाजूला, काळे दुसऱ्या बाजूला. अंभोरेसाहेबांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते आले. आमच्या वावरात नाही, काळ्यांच्या वावरात नाही, रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभे राहिले. मुलीनं दुपारपर्यंत काम केलं आणि सांगितलं की हद्द आमच्या बाजूला हातभर आत यायला हवी. म्हणजे साहेबांनी काळ्यांची हातभर जमीन आम्हाला दिली होती.

ती मुलगी समंजस होती. म्हणाली, जुन्या साखळीच्या मोजणीत एवढा फरक धरूनच चालतात, यात कुणाची लबाडी नाही. तिचं कोण ऐकतो? काळ्यांचा थोरला मोठ्यानं हसला. आमची शेती बघणारा माझा भाऊ खाली बघत राहिला. प्रल्हादराव आता थकले होते, काठी टेकत रस्त्यापर्यंत गेले आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, पोट्टे काईबी म्हणतात. मी तुमाले तसं समजत नाही." साहेबांनी त्यांना हात जोडले. मी जवळ जाईपर्यंत ते बस धरून निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्या घरी आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आई दारातच होती, ती आत निघून गेली. साहेब खुर्चीच्या कडेवर बसले.

"गणेशराव, माह्याकडून दोन चुका झाल्या. म्हंजे लोकायनं पाहिलेल्या दोन. एक पटावर, एक वावरात."

"साहेब, वावरातली चूक नाही ती. ती पोरगीच म्हणत होती, साखळीत एवढा फरक..."

"फरक येते. ते मले नका शिकवू. फरक कधी इकडं येते, कधी तिकडं येते. हे दोन्ही तुमच्याच बाजूनं काऊन आले?"

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"जिथं ज्याचा फायदा, तिथं त्याचा हात. हे मीच म्हणत आलो. आता फायदा तुमचा दिसते अन् हात माहा दिसते." ते स्वतःचा उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होते. "मी तुमच्या घरचं पाणी नाही पेलो. ताक वापस केलं. मले वाटलं, झालं, आपण सुटलो. पण त्या दिवशी तुम्ही बांधावर उभे होते, अन् तुमाले पाहून मले बरं वाटलं होतं. नाव विचारलं तुमचं, पण आतून बरं वाटलं होतं. चिखलीलेबी तसंच. समोर तुम्ही होते. दुसरं कोणी असतं तं हात तिथं थांबला असता काय? मले नाही सांगता येत. मलेच माह्यावर शक येऊन राह्यला."

मी म्हणालो, "साहेब, तुम्ही म्हणजे हद्दच करता. बुर्जीचा नियम तुमच्या लहानपणाचा, त्यात मी कुठून आलो?"

"तेच तं समजत नाही ना. हातानं जुनं आठवलं, का मनाचं आयकलं, हे कोणत्या मशीनवर पाहाचं?" ते उठले. "आता आपण नाही खेळाचं. तुमच्यासमोर माह्या हाताचा भरोसा नाही."

मी त्यांना थांबवायला हवं होतं, पण मला राग आला होता. काहीतरी तिरसट बोललो आणि ते गेले. बायकोनं विचारलं, काय म्हणत होते साहेब? मी म्हणालो, भांडून गेले. मग मी दुकानात न जाता तसाच बसून राहिलो. त्या माणसानं भाजीवालीवर, डॉक्टरवर, घड्याळावर, साऱ्या जगावर संशय घेतला होता, आणि त्याला आपल्याला बघून बरं वाटत होतं, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. ते कळलं आणि रविवार संपले.

पुढच्या वर्षी एका स्पर्धेत संगणकानं नेमकी आमचीच जोडी लावली. साहेब आले, समोर बसले. वाळले होते. पंचांनी घड्याळ सुरू केलं तसं त्यांनी पहिली चालही न करता पंचाला सांगितलं, "माही हार लिहा." माझ्या नावावर पूर्ण गुण लागला. मागे माणसं कुजबुजायला लागली, आणि काय कुजबुजतात ते आम्हा दोघांनाही पाठ होतं. साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि खुर्ची मागे सारली. माझ्याविषयी वाटणारी माया त्यांना लाच वाटत होती आणि ती घ्यायला ते तयार नव्हते. ते दाराबाहेर पडेपर्यंत मी बघत राहिलो. पुन्हा भेटलो नाही. काही महिन्यांनी विमलबाईंचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगून मी आत जाऊन रडलो.